दुसरी बांधणी कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर एक मोठं छायाचित्र होतं. उंच झाडाच्या शेंड्याजवळ बेचक्यात उभा असलेला माणूस, उजव्या हातात चालू चेनसॉ, डाव्या हातात फांदी, कमरेला दोरीचा एक वेढा, डोकं उघडं. खाली ओळ होती, ‘वाघाचं काळीज’. छायाचित्र सुरेख आहे हे आधी कबूल करतो. उडणारा भुसा उन्हात काय पकडलाय! पण मी सव्वीस वर्षं हेच काम करतो. दोरावर लटकून फांद्या उतरवायच्या, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मी फोटोत आधी त्या माणसाचे पाय बघितले, मग कंबर, मग हात. चेहरा सगळ्यात शेवटी. आमच्या लोकांची नजर अशीच फिरते, आणि ती फिरली तेव्हा मला वाघबिघ काही दिसला नाही. एका बांधणीवर, म्हणजे झाडाशी जोडणाऱ्या एकाच दोरावर, उभा असलेला माणूस दिसला, आणि त्याच्या हातात तीच बांधणी कापू शकेल असं यंत्र.

पायांपासून सुरू करतो, कारण ते लवकर आटपेल. त्याच्या बुटांना लोखंडी काटे बांधलेले होते. बातमीत लिहिलं होतं की झाड वाचावं म्हणून छाटणी चालू आहे. काटे जे झाड पाडायचंच ठरलंय त्याच्यावर वापरावेत, नाहीतर वर अडकलेल्या माणसाला तातडीनं उतरवायचं असेल तेव्हा. प्रत्येक पावलाला काटा साल फोडून आतल्या जिवंत थरात जातो. आपल्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड ती जागा आतून बंद करून टाकतं आणि तिच्याभोवती नवं लाकूड वाढवतं. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी चेनसॉनं खोडं उभी चिरून हे दाखवून दिलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. म्हणजे वरती छाटणी करून झाड वाचवायचं, आणि वर जाताना त्याला खालपासून भोकं पाडत जायचं.

आता कंबर. इथे मला जरा वेळ लागणार आहे.

कमरेला दोरीचा वेढा घेऊन मीही चढलोय. पहिली तीन वर्षं तसाच चढलो, कारण ज्यांच्या हाताखाली होतो तेही तसेच चढायचे. एकदा ओल्या सालीवरून पाय सटकला आणि मी त्या वेढ्यावर लटकलो. पडलो नाही, म्हणून खालचे लोक हसले. पण वेढा कमरेवर थांबत नाही. तो सरकत बरगड्यांखाली येतो आणि तिथे आवळतो. श्वास बाहेर सोडता येतो, आत घेता येत नाही. ओरडायला हवा लागते, ती नव्हती. हात वर करून फांदी पकडायची म्हटलं तर वेढा आणखी वर काखेकडे सरकतो. किती वेळ लटकलो कोण जाणे, दोन-तीन मिनिटं असतील. पायाला एक खुंट लागला म्हणून हे पत्र लिहितोय. बसायचा हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, यासाठी असतो. वजन मांड्यांवर आणि कमरेच्या हाडांवर वाटलं जातं, पुढे दोराचा एक छोटा पूल असतो आणि त्यावरून कडी डावी-उजवीकडे सरकते, म्हणून माणूस वाकून, आडवा होऊन, फांदीच्या टोकाकडे तोंड करून काम करू शकतो. तरीही त्यात हालचाल न करता लटकून राहणं धोक्याचंच. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये सरळ लटकत राहिला तर पायातलं रक्त वर यायला तयार नसतं, आणि मग हिशेब मिनिटांचा उरतो. त्याबद्दल पुढे.

दोराबद्दल लोकांचा एक गैरसमज नेहमी भेटतो. गिर्यारोहकाचा दोर सगळ्यात भारी, तोच आणा, असं सांगणारे हितचिंतक खूप. गिर्यारोहकाचा दोर ताणला जाण्यासाठीच बनवलेला असतो. माणूस पडणार हे गृहीत धरून तो झटका पोटात घेतो. आमचं उलटं आहे. आम्ही दिवसभर दोरावर बसलेले असतो, आणि दोर रबरासारखा खालीवर झाला तर करवत जागेवर टिकत नाही. म्हणून आमचा दोर कमी ताणाचा, साधारण ११ ते १३ मि.मी. जाडीचा, आत गाभा आणि बाहेर विणलेलं कवच. युरोपच्या १८९१ क्रमांकाच्या मानकात ‘अ’ प्रकारच्या अशा दोराला किमान २२ किलोन्यूटन ताकद लागते, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. आकडा ऐकून माणूस निर्धास्त होतो. तिथेच चूक होते. गाठ मारली की ताकद बरीच घटते, आणि कमी ताणाचा दोर झटका पोटात घेत नाही, तो सगळा तुमच्या मणक्याला देतो. म्हणून आमच्यात पहिला धडा असा की दोर ढिला पडू द्यायचा नाही. बांधणीच्या खाली राहायचं, वर नाही. वर जायचं असेल तर आधी बांधणी वर न्यायची.

ती वर नेण्याचं काम बघणाऱ्याला भारी कंटाळवाणं वाटतं. अडीचशे-चारशे ग्रॅमची एक छोटी पिशवी असते, तिला बारीक गुळगुळीत दोरी, आणि ती हव्या त्या बेचक्यातून जाईपर्यंत फेकत बसायचं. माझा नेम बरा आहे, तरी कधी तिसऱ्या फेकीला बसते, कधी तिसाव्याला. झाडाचे मालक घड्याळ बघतात. “अहो, इतका वेळ काय खेळताय, सरळ चढा की!” असं मला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आता मी पिशवी त्यांच्याच हातात देतो. दोन-चार फेकी झाल्या की घड्याळ खिशात जातं. पिशवी बसली की त्या दोरीनं मोठा दोर वर ओढायचा, आणि मग चढण्याआधी दोघांनी मिळून त्यावर लटकायचं, झटके द्यायचे. बेचकं बोलतं. करकर झाली, सालीचा चुरा पडला, की दुसरं बेचकं. त्याआधी बुंध्याभोवती एक फेरी असतेच, मुळाशी भूछत्रं उगवलीत का, ढोली आहे का, लाकडी हातोडीनं ठोकल्यावर पोकळ वाजतं का.

एक गोष्ट मात्र धंद्यातल्या लोकांनाही पटायला वेळ लागतो. दोर वरच्या फांदीवरून घेऊन दुसरं टोक बुंध्याला बांधलं आणि एकाच दोरावर वर चढलं, तर फांदीवर माझ्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. मी साहित्यासकट ९० किलो, तर फांदीला १८० च्या आसपास. कारण मला तोलून धरायला दुसरी बाजूही तितक्याच जोरानं खाली ओढत असते, घर्षणात जाईल तेवढं वजा. त्याच फांदीवर दोर दुहेरी घेऊन, दोन्ही बाजू माझ्याच अंगाशी ठेवून चढलो, तर फांदीवर ९० च. एकेरी दोरावर चढणं पायांना सोपं, म्हणून तरुण पोरांना ते आवडतं, मलाही आता गुडघ्यांमुळे आवडायला लागलंय. पण मग फांदी निवडताना हे दुप्पटीचं गणित डोक्यात पाहिजे. दोन माणसांनी लटकून बघायचं ते यासाठीही.

दुहेरी दोरावर वर-खाली व्हायला लागते ती सरकती गाठ. ब्लेकची गाठ मी अजूनही प्रत्येक नव्या मुलाला आधी शिकवतो, भले आता धातूची सरकती यंत्रं मिळत असोत. दोराभोवती चार वेढे वर चढवत न्यायचे, मग शेपूट खाली आणून खालच्या दोन वेढ्यांच्या आतून काढायचं, शेपटाच्या टोकाला आठाची गाठ. वजन पडलं की ती दोराला धरून बसते, वरून मूठ दाबली की सुटते. फार वेगानं खाली आलात तर घर्षणानं तापते आणि नायलॉन वितळून काचेसारखं चकाकायला लागतं. असा चकाकता पट्टा दिसला की तेवढं टोक कापून टाकायचं. ही गाठ आमच्या धंद्यात पसरली ती जेसन ब्लेक यांनी १९९४ मध्ये ‘आर्बर एज’ या मासिकाला लिहिलेल्या पत्रामुळे. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी ती १९८१ मध्येच छापली होती, पण ती वाचली डोंगरातल्या वाटाड्यांनी, झाडावरच्यांनी नाही. संपादकांच्या टपालात कधी काय येईल सांगता येत नाही, हे आपल्याला मी वेगळं सांगायला नको.

तर हार्नेस, दोर, गाठ ही झाली पहिली बांधणी. फोटोतल्या माणसाची तीही धड नव्हती. पण समजा, असती. तरी माझं पत्र आलंच असतं, ते दुसरीसाठी.

दुसरी बांधणी म्हणजे एक आखूड दोर, दोनेक हातांपासून पाच हातांपर्यंत कमी-जास्त करता येणारा. दुकानात त्याला लॅन्यार्ड म्हणतात, आम्ही नुसतं आखूड म्हणतो. हार्नेसच्या एका कुशीच्या कडीतून खोडाभोवती फिरवून दुसऱ्या कुशीत अडकवायचा. चेनसॉजवळ वापरायच्या काहींच्या पोटात पोलादी तार असते. त्यामुळे तो कापलाच जाणार नाही असं नाही, पण एक क्षण मिळतो. नियम इतकाच की करवत हातात असताना दोन ठिकाणी बांधलेलं पाहिजे, आणि दोन्ही बांधण्या एकाच घावात सापडणार नाहीत अशा.

अकरा वर्षांपूर्वी मी साधारण चौदा मीटरवर होतो. मनगटाएवढी एकच फांदी राहिली होती, तीही हातकरवतीनं. म्हटलं, यासाठी कुठे आखूड फिरवत बसू. खाली नवा मुलगा होता, चार महिने झालेला. त्यानं मान वर करून हाक दिली, “दादा, आखूड कुठाय?” मी म्हटलं, एक तर फांदी आहे रे. तो म्हणाला, “तुम्हीच सांगितलंत ना!” आता स्वतःच शिकवलेलं अंगावर आलं की करणार काय. शिव्या घालत आखूड फिरवला, कडी लावली, टिचकी ऐकू आली. आमची हातकरवत वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी. उजवीकडे लांब झुकून ओढत होतो, दोर डाव्या खांद्याजवळून वर गेलेला. फांदी शेवटच्या दोन बोटांवर आली आणि अंदाजाआधीच मोडली. ओढीत असलेली करवत मोकळी झाली आणि तशीच माझ्या अंगावरून डाव्या खांद्याकडे आली. आवाज फार नाही झाला. कापड फाटल्यासारखा, तोही छोटा. मी वर बघितलं तर दोराचं कवच दोन्हीकडे मागे वळलं होतं आणि आतून पांढरा गाभा फुलला होता, सावरीच्या बोंडासारखा. दोर ताणात असतो, ताणातल्या दोराला पात्याचा नुसता स्पर्श पुरतो. गाभ्याचे काही पीळ शिल्लक होते, आणि माझं सगळं वजन त्यांच्यावर होतं.

पुढचं काम मी फार हळू केलं. पाय खोडाला टेकवले, मागे रेललो, वजन आखुडावर घेतलं. मग दोर ढिला केला. घाव टोकापासून चार मीटरवर होता, म्हणजे पलीकडे चाळीसेक मीटर दोर चांगला. दोर खाली ओढून घेतला, छातीसमोरच्या बेचक्यातून घावापलीकडचा भाग घेतला, गाठ नव्यानं बांधली, बसून बघितली, दोनदा बघितली आणि मगच आखूड सोडला. जमिनीवर आल्यावर हात थरथरायला लागले, वर नव्हते थरथरत. तो मुलगा काही बोलला नाही, आणि मीही नाही. हे सगळं हातकरवतीनं झालं, लक्षात घ्या.

आपल्या फोटोतल्या माणसाच्या हातात चेनसॉ होता, तोही एका हातात. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला साधारण २० मीटर धावते. पात्याच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की यंत्र उलटं उसळतं, थेट तोंडाकडे. ते उसळणं आवरायला डावा हात पुढच्या मुठीवर पाहिजे, अंगठा खालून वळवलेला; साखळी थांबवणारा ब्रेकही त्या हाताच्या पुढेच असतो. डाव्या हातानं फांदी धरली की हे सगळं गेलं. आणि त्यानं फांदी का धरली होती? कारण तोल सावरायला दुसरं काही नव्हतं. आखूड लावलेला असता तर दोन्ही हात मोकळे राहिले असते. एका बांधणीच्या अभावातून एक हात गेला, असं मी तो फोटो वाचतो. चेनसॉच्या पँटबद्दल आणि हेल्मेटबद्दल थोडक्यात सांगतो. पँटच्या अस्तरातले लांब धागे साखळीत गुंतून चक्र अडकवतात, आणि झाडावर ती चोहोबाजूंनी संरक्षण देणारी हवी, नुसती पुढून नाही. हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा असा हवा की पडताना हेल्मेट डोक्यावर राहील.

परवा आपल्याच पत्रव्यवहारात एका ज्येष्ठ वाचकांनी त्या छायाचित्राचं कौतुक करून लिहिलं, की पूर्वीचे लोक हातापायांच्या बळावर चढत, ही सामानाची हौस आताची. काका, तुमचं चढण्याबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे. नुसतं चढण्यात ते लोक माझ्यापेक्षा सरस होते. पण ते चढत आणि उतरत. आम्ही चढतो आणि मग वर तीन-चार तास काम करतो, एका हाताच्या अंतरावर धारदार काहीतरी चालू ठेवून, थकलेल्या मांड्यांनी, भर दुपारी. चौथ्या तासाला पकड सुटते, ती कोणाचीही सुटते. सामान त्या चौथ्या तासासाठी आहे.

खालच्या माणसाबद्दल सांगायचं राहिलं होतं. वरचा बेशुद्ध पडला तर त्याला कोण उतरवणार, हे चढण्याआधी ठरलेलं असावं लागतं. मदत बोलावली आणि ती आली तरी शिडी त्या बेचक्यापर्यंत पोचेलच असं नाही, आणि वर म्हटलं तसा हिशेब मिनिटांचा असतो. म्हणून आमच्या टोळीत खाली असलेल्या एकाच्या अंगात हार्नेस घातलेला असतो. गाडीत ठेवलेला नाही, अंगात. दुसरा दोर जवळच्या बेचक्यातून आधीच सोडून ठेवलेला. वर्षातून दोनदा आम्ही एकमेकांना खोटं खोटं उतरवतो. पहिल्यांदा केलं तेव्हा सत्तर किलोचा माणूस उतरवायला मला सव्वीस मिनिटं लागली होती. आता सहा-सात लागतात. तरी मला ती जास्तच वाटतात.

साधनं तपासण्याचंही तसंच. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांप्रमाणे माणसं उचलणारी साधनं दर सहा महिन्यांनी जाणकाराला दाखवावी लागतात. मी रोज सकाळी सगळा दोर बोटांतून सोडतो. कुठे मऊ लागतं, कुठे गाठ हाताला येते, कुठे कवच आतल्या आत सरकतं, ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. एक गोष्ट मात्र बोटांनाही कळत नाही, ती म्हणजे बॅटरीचं आम्ल. नायलॉनला ते खातं आणि वरून काही दिसत नाही. एकदा गाडीत बॅटरीशेजारी ठेवलेला जवळपास नवा दोर मी तुकडे करून टाकला, नुसत्या संशयावर. तुकडे करायचेच, अख्खा टाकला तर कोणीतरी उचलून कमरेला गुंडाळतं.

आपल्या छायाचित्रकारांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी असा माणूस दिसला तर जरूर फोटो काढा, पण आधी खालून मोजा. करवत चालू असताना त्याच्या अंगातून दोन दोर दोन वेगळ्या दिशांना गेलेले दिसले पाहिजेत. एकच दिसला तर फोटो राहू द्या आणि हाक मारा. काय म्हणायचं ते वर लिहिलंच आहे, तीन शब्दांचं आहे.

सोबत त्या कापलेल्या दोराचा वीतभर तुकडा पाठवतो आहे, अकरा वर्षं जपून ठेवलेला. तो छायाचित्रकारांना द्यावा. कवच बोटानं मागे सारलं की आतला गाभा दिसेल, त्यातले किती पीळ शाबूत आहेत ते त्यांनी मोजावेत. मी मोजलेत, पण आकडा सांगत नाही.

आपला,
झाडांवर काम करणारा एक वाचक